आजीविकेचे अभयदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मजसारख्या एका कापड दुकानदारास दिली, याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नाही, प्रवचनकारही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतरचे सारे आयुष्य गादीवर बसून कापड मोजण्यात गेले, एवढीच माझी शिदोरी. त्यामुळे तत्त्वविवेचन करण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र गेली काही वर्षे जो विषय माझ्या मनात घोळत आहे, तो आज आपल्यापुढे मांडतो. विषय आहे बेरोजगार तरुणांचा, त्यांच्यासाठी शासनाने उभ्या केलेल्या व्यवस्थेचा आणि त्या व्यवस्थेत आपण व्यापाऱ्यांनी रिकाम्या ठेवलेल्या जागेचा.

काही महिन्यांपूर्वी आपल्या एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी मला प्रेमाने थांबविले. ते म्हणाले, "भाऊ, आपले काम धर्माचे. नोकऱ्या देणे हे सरकारचे काम." त्यांचा मला आदर आहे. तरीही त्या वाक्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, म्हणून ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. भोगभूमीचा काळ सरत आला, कल्पवृक्ष क्षीण झाले आणि आजवर न मागता मिळणारे अन्न मिळेनासे झाले. व्याकूळ झालेली प्रजा ऋषभदेवांकडे आली. त्या वेळी भगवंतांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली. कन्या ब्राह्मीस लिपी आणि सुंदरीस अंकविद्या दिली. म्हणजे आपल्या प्रथम तीर्थंकरांनी दीक्षा घेण्यापूर्वी, राजा या नात्याने, भुकेल्या समाजाला पोट भरण्याचे कौशल्य शिकविले. मोक्षमार्गाचा उपदेश त्यानंतरचा. तेव्हा माणसाला उपजीविकेस लावणे हे काम धर्माच्या अंगणाबाहेरचे आहे, असे मला तरी म्हणवत नाही.

आता शासनाने काय उभे केले, ते थोडक्यात पाहू. आपल्या देशात सेवायोजन कार्यालये १९४५ साली सुरू झाली, ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून. फाळणीनंतर निर्वासितांची सोय त्यांच्याकडे आली आणि १९४८ पासून ती सर्व बेरोजगारांना खुली झाली. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. १९५९ साली संसदेने रिक्त पदे कळविणे बंधनकारक करणारा कायदा केला आणि तो १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्याच दिवशी, अमलात आला. पंचवीस वा अधिक माणसे कामाला असणाऱ्या खाजगी आस्थापनांनी आपल्याकडील रिक्त जागा कार्यालयास कळवाव्यात, असे त्यात होते. मात्र कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घ्यावे, अशी सक्ती त्या कायद्याने केली नव्हती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या यादीवर न थांबता जागांची जाहिरातही द्यावी, असा निर्णय दिला. त्यामुळे शासकीय नोकरीची एकमेव वाट म्हणून या कार्यालयाचे जे महत्त्व होते, ते ओसरले.

आपल्या महाराष्ट्राने याच काळात आणखी एक मोठे काम केले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग झाला आणि त्यातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा खर्च भागविण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. आपण व्यापारी मंडळी दरवर्षी जो 'पी.टी.' भरतो आणि भरताना कुरकुरतो, त्याचा उगम हा आहे. खेड्यातल्या निष्कांचन माणसाच्या हाताला काम मिळावे म्हणून शहरातल्या दुकानदाराने भरलेला तो कर होय. याच योजनेच्या अनुभवावर पुढे २००५ चा केंद्रीय कायदा बेतला गेला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या २०० जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत आपला गोंदिया जिल्हा होता.

ही झाली अंगमेहनतीच्या कामाची व्यवस्था. शिकलेल्या तरुणांसाठी तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जुन्या सेवायोजन कार्यालयाचे आजचे नाव 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' असे आहे. नाव लांबले, कामही वाढले. नोंदणी आता महास्वयम या संकेतस्थळावर होते, रोजगार मेळावे भरतात, उमेदवारांना मार्गदर्शन मिळते. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. मुदत संपल्यावर पुढे काय, असा प्रश्न त्या प्रशिक्षणार्थींनी विचारला आणि तो रास्त होता.

बंधूंनो, हाच प्रश्न मला अस्वस्थ करतो. शिकविणारी व्यवस्था आहे, नोंदणी करणारी आहे, विद्यावेतन देणारीही आहे. मग साखळी तुटते कोठे? याचे उत्तर मला कोणत्याही अहवालात शोधावे लागले नाही. ते माझ्याच दुकानात सापडले.

बी.कॉम. झाल्यावर मीही त्या काळच्या रीतीप्रमाणे सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले होते. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावयाचे ते कार्ड मी एकदाही नूतनीकृत केले नाही, कारण वर्षभरातच वडिलांनी दुकानात बसविले आणि मी नोकरी मागणाऱ्यांच्या रांगेतून नोकरी देणाऱ्यांच्या बाजूला आलो. तेव्हापासून आजवर माझ्या दुकानात लहानमोठी पन्नासएक माणसे कामाला लागली असतील. कोणी जुन्या नोकराचा भाचा, कोणी मुनीमजींच्या गावचा, कोणी पाहुण्यांनी चिठ्ठी देऊन पाठविलेला. मात्र रोजगार कार्यालयाकडून आलेला त्यांत एकही नाही. याचा दोष मी कित्येक वर्षे मनातल्या मनात शासनाला देत होतो. एके दिवशी लक्षात आले की, माझ्याकडे जागा रिकामी आहे हे मी त्या कार्यालयाला कधी कळविलेच नव्हते. माझ्याकडे नऊ माणसे, म्हणजे कायद्याचे बंधन मला नव्हते हे खरे. परंतु स्वेच्छेने एक अर्ज पाठविण्यास मला कोणी अडविलेही नव्हते.

आपण सारे व्यापारी असेच वागलो. राईस मिल असो, अडतीचे दुकान असो, सराफी असो की किराणा, आपण माणूस ओळखीतूनच घेतला. गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा, हे मला मान्य आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्याची कोणाशी ओळख नाही त्या मुलाला गावच्या बाजारपेठेत दारच उरले नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या टोकाच्या गावातला मुलगा आयटीआय करतो, नाव नोंदवितो आणि वाट पाहतो. ज्या कार्यालयाकडे नोकरी मागणाऱ्यांची यादी आहे पण देणाऱ्यांची नाही, ते कार्यालय त्याला काय देणार? आपण बाजारात बसणारी माणसे आहोत. ज्या बाजारात सर्व गिऱ्हाईकच आहे आणि माल घेऊन कोणीच आलेला नाही, तो बाजार किती दिवस चालेल, हे आपणांस सांगावयास नको.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण ओळखीने माझ्याकडे आला. साड्यांच्या घड्या घालणे, गठ्ठे सोडणे, माल माडीवर नेणे अशी कामे तो दोन वर्षे निमूटपणे करीत होता. लग्नसराईत ऐन गर्दीच्या वेळी दुकानातली निम्मी वीज गेली. कारागीर मिळेना. तेव्हा या मुलाने मुख्य फळी उघडली, जळलेली तार शोधली आणि अर्ध्या तासात दुकान उजळले. मी चकित होऊन विचारले, "हे कोठे शिकलास रे?" तो म्हणाला, "सेठजी, मी आयटीआय केला आहे. वीजतंत्री." मी म्हणालो, "मग दोन वर्षांत बोलला का नाहीस?" त्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "आपण कधी विचारलं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शासनाने त्याच्या शिक्षणावर खर्च केला, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकविले आणि मी त्याच्याकडून साड्यांच्या घड्या घालून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी स्वतः चौकशीला निघालो. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली त्याची एका ठिकाणी निवड होण्यास काही महिने लागले. त्यात चार वेळा कागद परत आले, दोन वेळा संकेतस्थळावर नाव आणि प्रमाणपत्र जुळेना. माझ्यासारख्या पदवीधराला घाम फुटला, तर त्या मुलाने एकट्याने काय केले असते? आज तो नागपूरकडे एका कारखान्यात आहे. माझा एक चांगला माणूस गेला, पण त्या नुकसानीचे मला दुःख नाही.

दुसरी एक घटना याच्या उलट आहे. आमच्या ओळखीतील एका गरजू कुटुंबातील मुलीने एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत शासकीय योजनेतला अभ्यासक्रम केला. छायाचित्रे निघाली, प्रमाणपत्र मिळाले आणि त्यानंतर त्या संस्थेने तिची कधी विचारपूस केली नाही. ते प्रमाणपत्र आज भिंतीवर आहे. प्रशिक्षण दिले की काम संपले, असे मानणारी व्यवस्था अशी भिंतीवर संपते.

मग संपत नाही अशी पद्धत कोठे आहे काय? आहे, आणि सांगावयास अभिमान वाटतो की, तिच्या मुळाशी एक जैन कुटुंब आहे. कर्नाटकातील धर्मस्थळ हे शिवाचे क्षेत्र, पण त्याचे धर्माधिकारीपद पिढ्यान्‌पिढ्या जैन हेग्गडे घराण्याकडे आहे. डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी १९८२ साली जवळच्या उजिरे गावी, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांना बरोबर घेऊन ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षणाची संस्था काढली. तेथील रीत साधी होती. प्रशिक्षण निःशुल्क आणि निवासी, मुदत थोडी, भर हातच्या कामावर आणि व्यवहारज्ञानावर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलगा शिकून घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा दोन वर्षे. कर्ज मिळाले का, धंदा सुरू झाला का, अडचण काय, हे विचारणारे कोणीतरी असे. हा प्रयोग एवढा यशस्वी ठरला की, केंद्र शासनाच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून त्याच धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था उभारण्याचे धोरण स्वीकारले. आज देशात अशा पाचशेहून अधिक संस्था आहेत. आपल्या गोंदियातही बँक ऑफ इंडियाची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था याच मालिकेतली आहे. 'धर्माचे काम वेगळे आणि सरकारचे वेगळे' या वाक्याचे माझे उत्तर हे आहे. एका धर्मस्थानाने वाट पाडली आणि सरकार त्या वाटेने चालले.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचेही काम केले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत. आपण जे काही करू, तेही असेच सर्वांसाठी असावे, अशी माझी धारणा आहे.

तरीही आपल्या घरातल्या प्रश्नाकडे डोळेझाक नको. आपले पूर्वज कोणी मारवाडातून, कोणी गुजरातेतून, कोणी बुंदेलखंडातून या धानाच्या मुलखात आले आणि व्यापारात स्थिरावले. बाहेरच्यांना वाटते की, जैन म्हणजे श्रीमंत. पण आपणांस ठाऊक आहे की, आपल्यातही अशी घरे आहेत, जेथे छोटे दुकान बंद पडले आहे, तरुण मुलगा घरी बसून आहे आणि आई हे कोणाला कळू देत नाही. तयार कपड्यांनी आणि घरबसल्या होणाऱ्या खरेदीने माझ्याच धंद्याचे रूप पालटले. एकेकाळी माझ्या दुकानाच्या ओट्यावर तीन शिलाई यंत्रे चालत. आज एकच चालते. उरलेल्या त्या एका दर्जीबाबांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिवणकाम आहे, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे, हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हते. आणि मलाही ते एका गिऱ्हाइकाकडून कळले होते. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यातून प्रशिक्षणाच्या आणि कर्जाच्या ज्या सोयी निघतात, त्यांची माहिती आपल्या किती मुलांना आहे? साधर्मिक वात्सल्याचा अर्थ वर्षातून एकदा पंगत, एवढाच आपण धरला आहे काय?

आता माझी नम्र सूचना. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाचे नूतनीकरण व्हावे, असा विचार चालू आहे. तो अवश्य व्हावा. त्यातील फार थोडा भाग बाजूला काढून आपल्या इमारतीतील रस्त्याकडची खोली रोजगार माहिती कक्षासाठी द्यावी. एक संगणक, एक छपाई यंत्र आणि आठवड्यातून दोन दिवस बसणारी माणसे एवढेच त्यास लागेल. आपल्यातले निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुली हे काम उत्तम करतील. येणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या तरुणाची नोंदणी करून द्यावी, कागद तपासून द्यावेत, योग्य त्या शासकीय कार्यालयाची वाट दाखवावी. कोणाकडून एक पैसाही घेऊ नये.

दुसरे काम आपल्या दुकानांचे. त्या कक्षात एक वही असावी. आपल्यापैकी ज्याच्याकडे जागा रिकामी होईल, त्याने ती प्रथम या वहीत लिहावी आणि तिची प्रत जिल्हा केंद्राकडे जावी. निवड आपलीच राहील, विश्वासाची खातरजमाही आपणच करावी. फक्त दार उघडे असावे. तिसरे, शिकाऊ उमेदवारांचे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार माणसांपासून पुढच्या लहान आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. विद्यावेतनाचा काही भाग शासन उचलते. आपल्या समाजाच्या प्रत्येक मोठ्या दुकानाने आणि मिलने वर्षाला एक उमेदवार घेतला, तरी पाच वर्षांत या शहराचे चित्र पालटेल. आणि चौथे, उजिरेची शिकवण. ज्याचा अर्ज भरला, त्याचे पुढे काय झाले हे दोन वर्षे विचारीत राहावे. हे काम दिखाऊ नाही. याचे छायाचित्र निघत नाही. म्हणूनच ते कोणी करीत नाही.

सुरुवात म्हणून मी एक गोष्ट केली आहे. माझ्या दुकानात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत, एक हिशेबनिसाची आणि एक विक्रेत्याची. ओळखीच्या चिठ्ठ्या घेण्याचे मी थांबविले आहे. मागील सोमवारी त्या दोन्ही जागा मी जिल्हा केंद्रास लेखी कळविल्या. तेथून कोणी येईल का, आलेला टिकेल का, हे मला ठाऊक नाही. पण इतक्या वर्षांत मी तो कागद प्रथमच लिहिला, याची मला लाज वाटली, ती आपल्यापुढे कबूल करतो.

आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली. ज्या घरात उद्याची चूल कशी पेटेल याचे भय आहे, त्या घरातील मुलाला काम मिळणे म्हणजे त्या घरास अभय मिळणे होय. आणि काम मिळाले की आहार, औषध आणि मुलाबाळांचे ज्ञान ही तिन्ही दाने ते घर स्वतःच्या कष्टाने स्वतःस देऊ लागते. त्यास पुन्हा आपल्या दारी यावे लागत नाही. पन्नास वर्षे आपल्या ट्रस्टने येणाऱ्याच्या हातात दिले. पुढील पन्नास वर्षांत त्या हातांना कामास लावावे, एवढीच माझी प्रार्थना.

विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा. नकार दिला तरी मला राग नाही, वही मी माझ्या दुकानात ठेवीन. बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.